मादागास्कर ४ वर्षांच्या मुलांना दाखवावा का? आमचा अनुभव

परवा दोन्ही पोरांना घेऊन मादागास्कर लावला, ड्रीमवर्क्सच्या अ‍ॅनिमेशन पिक्चरचा २००५ चा पहिला भाग. मी कॉलेजात असताना बघितलेला, त्यामुळे डोक्यात एवढंच होतं की पेंग्विन धमाल आहेत आणि लेमर, म्हणजे माकडासारखे प्राणी, नाचतात. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४. पिक्चर दीड तासाच्या आत संपतो, या वयाला तेवढाच बरा.

मारामारीचं आधी सांगते कारण आई-बाबांना काळजी त्याचीच असते. पडणं, आपटणं, डोक्यात काहीतरी बसणं सारखं चालू आहे, न्यूयॉर्कच्या स्टेशनवर तर एक म्हातारी आजी सिंहाला पर्सने बदड बदड बदडते, तिथे दोघं सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसली. धाकटीला इंग्रजी कळत नाही पण तिचं काहीच अडलं नाही. रक्त नाही, कुणी मरत नाही. म्हणजे एक पिवळं बदकाचं पिल्लू मगर गिळते, छान गाणं चालू असताना अगदी क्षणात, पण हिने ते बरोबर टिपलं आणि "ते कुठे गेलं" दोनदा विचारलं.

खरी भीती वाटते ती शेवटच्या अर्ध्या तासात. न्यूयॉर्कच्या झूमधले प्राणी मादागास्कर बेटावर येऊन पडतात. त्यातल्या अ‍ॅलेक्स सिंहाला झूमध्ये रोज आयतं मांस मिळायचं, बेटावर काहीच नाही, आणि भूक वाढत जाते तसा त्याला मार्टी, म्हणजे त्याचा जिवलग दोस्त झेब्रा, खायची वस्तू दिसायला लागतो. एकदा तर त्याच्या ढुंगणाला चावतोच. मुलगा खो खो हसला, मुलगी एकदम गप्प. उशी पोटाशी घट्ट धरलेली, आणि अ‍ॅलेक्स नखं बाहेर काढून मागे लागला तेव्हा हळूच म्हणाली, "आई, तो त्याचा फ्रेंड आहे ना?" फोसा नावाचे शिकारी प्राणी येतात त्यांना ती एवढी घाबरली नाही, वाईट दिसणारे वाईटच वागणार हे लहान मुलांना माहीत असतं. आपलाच मित्र आपल्याला खाईल हे मात्र तिच्या मनाला लागलं. मी पॉज करून सांगितलं, तो नाही खाणार, नंतर पेंग्विन त्याला मासे देतात. सस्पेन्स गेला तर गेला, पोर निवांत झालं.

माझ्या मते ६ च्या पुढे बिनधास्त दाखवा, मस्त पिक्चर आहे, नाचाचं गाणं तर आमच्याकडे अजून चालूच आहे. ४-५ वर्षांच्यांना एकटं लावून देऊ नका, तो भुकेचा भाग येईल तेव्हा शेजारी बसा. अमेरिकेतही याला पीजी रेटिंग आहे, म्हणजे पालकांनी लक्ष ठेवावं असंच. आणि हो, शी फेकण्याचा एक जोक आहे, मोठ्याला तो फार आवडलाय, तयारी ठेवा.

काल धाकटीने स्वतःच परत लावायला सांगितला. अ‍ॅलेक्सच्या भुकेचा भाग यायच्या आधी हाक मारली, "आई, आता ये", आणि पेंग्विन आल्यावर म्हणाली, "आता गेलीस तरी चालेल".