सगळ्या रोगांवर एकच पिवळी पावडर

कोंबड्यांचं औषध म्हणून सुटी पिवळी पावडर विकणारा कोणी दारात आला, तर आधी हे वाचा.

आमच्याकडे तो आला तेव्हा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, पंख फुगवून कोपऱ्यात बसल्या होत्या आणि विष्ठेत रक्त पडत होतं. त्याने लांबूनच पाहिलं. "सगळ्या रोगांवर हेच चालतं. अँटिबायोटिकचा कोर्स करा, लगेच दाणे टिपायला लागतील," म्हणाला आणि पोत्यातून काढून भरलेली प्लास्टिकची पिशवी हातात ठेवली. वर जोडीला म्हणून व्हिटॅमिनचं टॉनिकही गळ्यात मारलं. डोस विचारला, तर "पाणी पिवळं होईपर्यंत टाका." अंड्यांचं काय? "बिनधास्त खा, काही होत नाही."

पिशवीवर ना औषधाचं नाव, ना टक्केवारी, ना बॅच नंबर, ना मुदत. नंतर फोन करून नाव विचारलं, तर "ते कंपनीचं सिक्रेट असतं!" पावडर पाण्यात विरघळायचीच नाही. ढवळलं की गढूळ, जरा वेळाने वर नितळ पाणी आणि तळाला पिवळा गाळ. म्हणजे आधी येईल तिला साधं पाणी, शेवटी येईल तिला भलताच डोस.

तलंगा मरायला लागल्या तेव्हा त्यातली एक पशुवैद्यकांकडे नेली. त्यांनी फाडून दाखवली. आतड्याच्या बंद टोकांच्या पिशव्या रक्ताच्या गुठळ्यांनी टम्म भरलेल्या. कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण. ही करणारा परजीवी बॅक्टेरिया नव्हेच, त्याला अँप्रोलियमसारखं औषध लागतं. टॉनिक त्यांनी पहिलं बंद करायला लावलं. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाचा तोतया बनून परजीवीला उपाशी मारतं. खरं बी-१ भरपूर पाजलं की औषधाचा जोर ओसरतो. विकणाऱ्याने सांगितलेली 'जोडी' पुढेही नडली असती ती अशी. मानमोडी आणि देवी तर विषाणूंचे रोग, तिथेही अँटिबायोटिक कुचकामी. सर्दी-घरघरीत कधी लागतं, पण कोणतं आणि किती ते पक्ष्याचं वजन आणि रोग पाहून ठरवायचं.

पावडर म्हणजे बहुधा मोठ्या फार्मवर खाद्यात मिसळतात ते टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचं मिश्रण असावं, असा त्यांचा अंदाज. अशा मिश्रणात पुष्कळदा चुनखडीची, म्हणजे कॅल्शियमची, भर असते, आणि टेट्रासायक्लिन कॅल्शियमला धरून बसतं, अंगात कमी भिनतं.

सगळ्यात संताप आला तो अंड्यांवरून. औषध अंड्यात उतरतं. बलक भरायला दहाएक दिवस लागतात, म्हणून औषध थांबवल्यावरही काही दिवसांची अंडी खायची नसतात. किती दिवसांची, ते लेबलवर छापलेलं असतं. इथे लेबलच नाही! मोठ्या कोंबड्याही तेच पाणी प्यायल्या होत्या. पशुवैद्यक सांगेपर्यंत त्यांची सगळी अंडी टाकून दिली.

पैसे परत मागितले, तर म्हणाला, "तुमच्या कोंबड्या पाणीच कमी प्यायल्या." एवढं एकच तो खरं बोलला. आजारी कोंबडी पाणी कमी पिते, त्यामुळे पाण्यातलं औषध नेमकं जिला हवं तिलाच पुरत नाही. म्हणूनच पशुवैद्यकांनी जास्त आजारी तलंगा वेगळ्या काढून, मोजून चोचीतून पाजायला लावलं. पैसे मिळाले नाहीत. पिशवी मात्र जपून ठेवली आहे, तक्रारीला लागेल.