‘सिन्सिअर’मध्ये मेण नसतंच: एटिमऑनलाइन वापरल्यावर

चौतीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. तिथे आमचा एक शिळा विनोद होता: ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे बिनव्याजी. इथलं व्याज म्हणजे कपट, हे ठाऊक असूनही आम्ही हसायचो. इंग्रजीत मात्र मी स्वतःच तशी फसले.

मोबाइलवर रोज एक शब्द शिकवणारं, वर्षाची वर्गणी घेणारं एक अ‍ॅप होतं. त्यात ‘सिन्सिअर’ची, म्हणजे ‘प्रामाणिक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची गोष्ट आली. म्हणे लॅटिन ‘सिने केरा’, मेणाशिवाय! रोमन शिल्पकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे. बिनमेणाचा तो अस्सल माल. मी ती एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात सांगितली, टाळ्याही मिळाल्या. घरी आल्यावर भाचीने एटिमऑनलाइन उघडून पुढ्यात ठेवलं.

पेनसिल्व्हेनियाच्या डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा इंग्रजी शब्दांचा व्युत्पत्तिकोश. वाचायला फुकट. त्यात ‘सिन्सिअर’ १५३० च्या दशकातला, ‘शुद्ध, भेसळ नसलेला’ या अर्थाचा. मूळ लॅटिन ‘सिंकेरुस’. मेणाच्या गोष्टीला आधार नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. आणि स्वतःची फोड देतानाही ‘कदाचित’ आहे: एक धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, ‘एक’ या अर्थाचा, दुसरा ‘वाढणे’ या अर्थाचा, म्हणजे एकाच वाणाचं, मिसळ नसलेलं. मला हा ‘कदाचित’च सगळ्यात आवडला. धातूंपुढे चांदणीची खूण होती, ती मी सवयीने ‘अटी लागू’ समजले! ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषांची तुलना करून मांडलंय, असा तिचा अर्थ. दुसऱ्या धातूवर टिचकी मारली तर ‘सीरियल’ (टीव्हीवरची नव्हे, धान्याचं) आणि ‘क्रेसेंट’ (चंद्रकोर) हेही त्याच घरचे निघाले. तासभर गेला.

लॅटिनमध्ये ‘सिंकेरुस’ हे विशेषण साध्या भांड्यालाही चालतं. होरेस हा रोमन कवी म्हणतो, भांडं स्वच्छ नसेल तर त्यात ओताल ते आंबेल. दुधाचं पातेलं ज्याने एकदा तरी नीट न विसळता वापरलंय, त्याला अधिक काय सांगायचं?

शब्द वाक्यात कसा वापरायचा, हे बघायला मात्र नेहमीचाच कोश बरा. आणि इंग्रजी बऱ्यापैकी वाचता यायला हवं.

अ‍ॅप मी लगेच काढून टाकलं. पुढच्या वर्षाची वर्गणी तरीही खात्यातून गेली. ऑटो-डेबिट बंद करायचं राहिलं होतं, तेही माझ्याकडून.