जावात मोजके पर्याय मांडायचे तर काय निवडावं: स्थिरांक, एनम, सील्ड इंटरफेस की टेबल?

ऑर्डरची स्थिती, पेमेंटचा प्रकार, वापरकर्त्याची भूमिका अशी मोजक्या पर्यायांची माहिती कशी मांडायची, हे ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा. यादी कोण बदलणार, प्रोग्रामर की व्यवसाय सांभाळणारी माणसं? आणि पर्यायासोबतची माहिती कायम तीच असते की दर ऑर्डरला वेगळी?

इंट स्थिरांक की एनम

इथे एनमच (ठरावीक पर्यायांची नावानिशी यादी असलेला प्रकार) घ्या. मेथड इंट, म्हणजे साधा पूर्णांक, घेत असेल, तर स्थितीच्या जागी 57 पाठवलं तरी कंपाइलर हरकत घेत नाही. त्याहून त्रासदायक भाग असा की स्टॅटिक फायनल स्थिरांकाची किंमत तो वापरणाऱ्या क्लास फाइलमध्येच उतरवली जाते. लायब्ररीत 2 चा 3 केला आणि फक्त नवी जार (लायब्ररीची तयार फाइल) टाकली, तर पुन्हा कंपाइल न केलेला कोड 2 च धरून चालतो. जावा 5 मध्ये, म्हणजे 2004 साली आलेल्या एनममध्ये प्रत्येक पर्याय हा ऑब्जेक्ट असतो, त्याला फील्ड आणि मेथड देता येतात. (सी शार्पमधलं एनम आतून आकडाच असतं, कास्ट करून त्यात भलताच आकडा घुसवता येतो. जावात ती वाट नाही.) बिट फ्लॅग (एकाच आकड्याच्या बिट्समध्ये अनेक पर्याय) वेगासाठी हवेत, असं वाटत असेल तर एनमसेट (एनम पर्यायांचा संच) वापरा. 64 पर्यायांपर्यंत तो एकाच लाँगच्या बिट्सवर चालतो.

जावा 14 पासूनचं स्विच एक्स्प्रेशन (किंमत परत देणारा स्विच) डिफॉल्टशिवाय लिहा. नवा पर्याय आला की जिथे जिथे तो हाताळायचा राहिला, तिथे तिथे कंपाइल अडतं. डिफॉल्ट घातलात की हा पहारा गेला. जुन्या धाटणीचं स्विच स्टेटमेंट तर अशी तक्रार करतच नाही.

डेटाबेसमध्ये: क्रमांक, नाव की कोड

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जेपीएमध्ये (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवण्याची प्रमाणित पद्धत) काही सांगितलं नाही, तर एनमचा ऑर्डिनल, म्हणजे यादीतला क्रमांक साठवला जातो. समजा नवी 0, पैसे भरलेली 1, पाठवलेली 2. कुणी मध्ये ‘पॅक केलेली’ टाकली, की आधी पाठवलेल्या सगळ्या ऑर्डर्स ‘पॅक केलेली’ म्हणून वाचल्या जातात, आणि एररही येत नाही. नाव साठवलं तर क्रम बदलला तरी चालतं, पण पर्यायाचं नाव बदललं की जुनी ओळ वाचताना एक्सेप्शन येतं. ते निदान दिसतं तरी. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या सिस्टीमसाठी तिसरा मार्ग बरा: प्रत्येक पर्यायाला स्वतःचा छोटा कोड द्या आणि अ‍ॅट्रिब्यूट कन्व्हर्टरने (साठवताना आणि वाचताना किंमत बदलून देणारा क्लास) तोच साठवा.

एनम की सील्ड इंटरफेस

एनमचा प्रत्येक पर्याय अख्ख्या प्रोग्रामला मिळून एकच ऑब्जेक्ट असतो. ‘पाठवलेली’ या पर्यायात ट्रॅकिंग नंबरसाठी सेटर (फील्डची किंमत बदलणारी मेथड) ठेवला, तर शेवटी लिहिलेला नंबर सगळ्या ऑर्डर्सना दिसेल. दर ऑर्डरला वेगळी माहिती हवी, तर सील्ड इंटरफेस (ज्याखाली कोणते प्रकार येऊ शकतात हे आधीच ठरलेलं असतं) आणि त्याखाली रेकॉर्ड्स (फक्त माहिती धरणारे छोटे क्लास). सील्डची सोय जावा 17 मध्ये पक्की झाली, पण त्यावर प्रकारानुसार स्विच करायला जावा 21 लागतं. बदल्यात सगळ्या पर्यायांची यादी देणारी तयार मेथड, एनममॅप (पर्यायावरून किंमत शोधायचा तक्ता) आणि सोपं जेसन रूपांतर हातचं जातं. पाचातल्या एकाच स्थितीला जादा माहिती असेल, तर एवढा खटाटोप नको. एनम ठेवा आणि ऑर्डरमध्ये एक फील्ड वाढवा.

एनम की टेबल

जीएसटीचे दर एनममध्ये ठेवू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांच्या टप्प्यातल्या बहुतेक वस्तू 5 टक्क्यांवर आल्या. दर कोडमध्ये असतील तर अशा बदलासाठी नवं रिलीज त्याच मध्यरात्री चढवावं लागतं. टेबलमध्ये दरासोबत ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन कॉलम ठेवा. मागच्या तारखेच्या बिलावर क्रेडिट नोट काढताना जुनाच दर लागतो, आणि तो तिथूनच मिळतो.