कारागीर पहिल्या वर्गात, कंत्राटदार काठावर पास : आमच्या स्वयंपाकघराचं काम

आधी निकाल सांगते. कारागिरांना दहापैकी नऊ, कंत्राटदाराला पाच. येणारं-जाणारं प्रत्येक जण ओट्यावरून हात फिरवतं आणि "कोणाकडून केलंत, नंबर द्या ना" म्हणतं. दर वेळी तेच पुराण लावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. कंत्राटदाराचं नाव देत नाही. त्याच्यासारखे पुण्यात ढिगाने आहेत आणि तुमच्या वाट्याला येईल तोही बहुधा याच वळणाचा असेल.

जागा कर्वेनगर, इमारत १९९४ची, मजला तिसरा. लिफ्ट आहे, पण सिमेंट-वाळूच्या गोण्यांना तिच्यात प्रवेश नाही. स्वयंपाकघर आठ बाय दहा. जुना कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच कप्पे, आणि भिंतीतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून इतके गंजलेले की सिंकच्या नळाला करंगळीएवढी धार. सगळं उखडून नवीन करायचं होतं: पाइप, वायरिंग, टाइल्स, फरशी, ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटं. घरात मी, नवरा आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. मी हिशेब खात्यातून निवृत्त झालेली आहे. पुढचं वाचताना ते जाणवेलच.

या कंत्राटदाराला काम दिलं ते कोटेशन बघून. बाकीच्यांनी अर्ध्या पानावर 'लमसम' आकडा लिहून दिला होता. याने रनिंग फूट, स्क्वेअर फूट असे दर वेगवेगळे मांडले होते. त्यातही 'मरीन प्लाय' एवढेच दोन शब्द होते. ते खोडून 'आयएस ७१०, १८ एमएम, आयएसआय मार्क' असं लिहून घेतलं. आयएस ३०३ हे साध्या आणि बऱ्यापैकी ओल सोसणाऱ्या प्लायचं मानक, ७१० हे मरीनचं, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं. सिंकखालच्या कपाटाला ७१०च हवा. बाजारात नुसता आकडा छापलेला प्लायही मिळतो, म्हणून शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायचा. माल पडला त्या दिवशी मी जिन्यातच उभं राहून तो टाकला. बरोबर निघाला. तरी कंत्राटदार म्हणाला, "ताई, तुकडा उकळून बघा, काही होत नाही." मानकातली चाचणी ७२ तास उकळण्याची असते; आम्ही इंडक्शनवर जुन्या पातेल्यात दिवसभर ठेवला. थर सुटले नाहीत. घरभर वास मात्र असा सुटला की सासूबाईंनी आतून विचारलं, "शिजला का गं?"

पैशांचे हप्ते ही दुसरी गोष्ट. त्याची रीत अशी की निम्मे आधी, चाळीस टक्के माल आल्यावर आणि दहा शेवटी. म्हणजे हातोडा पडायच्या आत नव्वद टक्के रक्कम त्याच्या खिशात. मी वीस टक्क्यांवर सुरुवात केली आणि पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधले: पाइपची प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं) झाली की इतके, ओटा बसला की इतके, ट्रॉल्या सरकायला लागल्या की इतके. तारखांना बांधले नाहीत. कंत्राटदारांच्या तारखा पावसाळ्यातल्या उन्हासारख्या असतात. त्याने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला. ग्रॅनाइट, टाइल्स, सिंक, नळ, चिमणी हे सगळं आम्ही दुकानातून आमच्या नावाच्या बिलावर घेतलं. बिजागऱ्या आणि कप्प्यांच्या मूठी बोहरी आळीतून आणल्या. पक्क्या बिलाचं नाव काढलं की "मग १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल" हे ऐकवलं जातं. ते ऐकून घ्यायचं आणि बिल घ्यायचं. उद्या चिमणीची मोटर गेली तर बिलाशिवाय वॉरंटी कोण देणार?

आता कारागीर.

फरशी-टाइल्सवाला राजस्थानचा. पहिल्या सकाळी त्याने काही न बोलता कोपऱ्यात काटकोन बघायला गुण्या लावला, भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडला आणि मान हलवली. गॅसमागची भिंत नऊ फुटांत अर्धा इंच तिरकी होती. तीस वर्षं तिथे उभी राहून मी पोळ्या केल्या, मला कधी दिसलं नव्हतं. सरळ टाइल लावत गेलं असतं तर टोकाला पाचरीसारखा तुकडा उरला असता आणि तो नेमका दारातून दिसला असता. त्याने उलटीकडून सुरुवात केली आणि तो पाचरीचा तुकडा फ्रिजच्या मागे नेऊन टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. टाइल्सच्या फटींत नेहमीचं सिमेंटचं ग्राउट भरू नका, हळदीने पिवळं पडेल, गॅसमागे तरी इपॉक्सी घ्या, हेही त्यानेच सुचवलं. इपॉक्सी महाग असतं आणि लावल्यावर लगेच पुसलं नाही तर टाइलवर धुरकट थर राहतो. तो प्रत्येक ओळ भरून झाली की ओल्या स्पंजने पुसून, मागे सरकून, डोळे बारीक करून बघायचा. माझ्या नऊपैकी निम्मे गुण या माणसाचे.

इलेक्ट्रिशियन मराठी, मितभाषी. बोर्ड कुठे घ्यायचे हे ठरवण्याआधी त्याने मला चहा करायला लावला आणि बघत उभा राहिला. मी डावखुरी आहे. मिक्सर, पाट्यासारखं जे जे लागतं ते मी डाव्या अंगाला घेते. नकाशात सगळे पॉइंट उजवीकडे होते. त्याने ते डावीकडे फिरवले. ओव्हन आणि इंडक्शनसाठी १६ अँपियरचे पॉइंट, प्रत्येकाला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. पूर्वी मायक्रोवेव्ह आणि गीझर एकदम लावला की अंधार व्हायचा, ते गेलं.

ट्रॉल्यांच्या स्टीलबद्दल मात्र जपून राहा. कंत्राटदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, "चिकटत नाही, म्हणजे ३०४." ३०४ ही स्टेनलेस स्टीलची चांगली प्रत, २०२ ही हलकी. चुंबक तर २०२लाही चिकटत नाही. फरक निकेलचा आहे. २०२मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि मिठाच्या-चिंचेच्या डब्यांखाली तेच आधी गंजतं. स्टीलच्या दुकानात तपासणीचं द्रावण मिळतं. त्याचा थेंब टाकला की २०२ लालसर पडतं. आम्ही टाकला. ट्रॉल्यांची जाळी ३०४ निघाली, ताटाळं २०२. ताटाळं बदलून मिळालं, वाद न घालता. हे त्याच्या पाच गुणांपैकी एक.

गॅसच्या पाइपला हात लावू देऊ नका. आमच्याकडे महाराष्ट्र नॅचरल गॅसची लाइन आहे. ओटा फूटभर सरकणार होता म्हणून प्लंबर करवत घेऊन तयारच होता, "पाच मिनिटांचं काम आहे काकू." ते काम फक्त कंपनीचं. अर्ज केला, पैसे भरले, त्यांची माणसं येऊन पाइप आणि कॉक सरकवून, गळती तपासून गेली. तोवर बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर इंडक्शन.

त्या काळातल्या जगण्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. फ्रिज हॉलमध्ये, भांडी बाथरूममध्ये पाटावर बसून, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. देव्हारा स्वयंपाकघरात होता, तो शोकेसवर हलवला आणि सासूबाईंनी देवांवर ओला पंचा टाकून ठेवला, कटरची धूळ बसू नये म्हणून. तरी लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर पांढरा थर असायचाच. सोसायटीत दुपारी एक ते चार आवाजाचं काम बंद. हे कंत्राटदाराला कोटेशनच्या वेळीच सांगितलेलं होतं, पण त्याच्या वेळापत्रकात दुपार धरलेलीच होती.

आणि इथून त्याचे गुण जायला लागतात. कारागीर स्वतःचं काम जाणतो. कंत्राटदाराला जे पैसे द्यायचे ते कोणाचं काम आधी आणि कोणाचं नंतर, हे त्याला कळतं म्हणून. प्लंबरचं फरशीवाल्याला, फरशीवाल्याचं सुताराला सांगणारा तो एकच माणूस असतो. आमच्याकडे ते कोणी कोणाला सांगितलंच नाही.

ओट्याची उंची घ्या. तो म्हणे, "सगळीकडे चौतीस इंच करतो, स्टँडर्ड आहे." माझी उंची पाच फूट. चौतीसवर पोळी लाटायची तर खांदे कानाला लागतात. कोपरापासून खाली चार ते सहा इंच, हे माप धरून मी बत्तीस सांगितलं आणि कोटेशनवर लिहून घेतलं. गवंड्याने चोख बत्तीस केला: खाली कडप्पा, मध्ये माल, वर ग्रॅनाइट. पण मोजला जुन्या मोझेकपासून. मोझेक उखडायचा नाही, फरशीवर फरशी टाकायची हे कंत्राटदारानेच ठरवलेलं. जुन्या जमिनीला मोरीकडे उतार होता, तो भरून काढताना नवी फरशी जवळजवळ इंचभर वर आली. ओटा झाला एकतीस.

तेवढ्यावर भागलं असतं. सुताराने मात्र ट्रॉल्यांचं माप फरशी पडायच्या आधी घेतलं होतं. सगळ्यात खालचा ड्रॉवर फरशीला घासायला लागला आणि ड्राय बाल्कनीचं दार उघडेना. कंत्राटदार म्हणाला सुताराने माप चुकवलं. सुतार म्हणाला, "जमीन वर येणार हे मला कोणी सांगितलं?" सुताराचं बरोबर होतं आणि मी तसं दोघांसमोर म्हटलं. दाराला खालून रंधा मारला. ड्रॉवर कारखान्यात परत जाऊन बुटका होऊन आला. पाच लिटरचा तेलाचा डबा त्यात मावत नाही, तो बाल्कनीत राहतो. सासूबाई चार फूट दहा इंच आहेत, त्या नव्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या मापाचा झालाय की." घरात एकट्या त्याच खूश होत्या.

सिंकचंही तसंच. ग्रॅनाइट कापणारा आला तेव्हा सिंक खोक्यात बंद, आमच्या पलंगाखाली होतं. कंत्राटदाराने फोनवर अंदाजाने माप सांगितलं. मी खोकं ओढून काढलं आणि उघडून त्याच्यासमोर ठेवलं म्हणून दगड वाचला.

"उद्या माणसं येतात" हे वाक्य तुम्हाला पाठ होईल. एकच टोळी एका वेळी दोन-तीन जागी फिरत असते. मी एक खूण शोधली: हत्यारं. रात्री जाताना ड्रिल आणि रंधा बाल्कनीत ठेवून गेले तर सकाळी येणार. हत्यारं उचलून नेली की दुसऱ्या साइटवर गेले. त्या रात्रीच फोन करायचा, सकाळी करून उपयोग नाही. कंत्राटदार फोन उचलतो, हे मान्य केलं पाहिजे. प्रेशर टेस्टला एका एल्बोतून पाणी झिरपलं तेव्हा रात्री साडेनऊला स्वतः आला आणि प्लंबरकडून जोड बदलून घेईपर्यंत स्टुलावर बसून राहिला. टाइल्स लागल्यावर ते कळलं असतं तर खालच्यांच्या छतावर कळलं असतं.

राडारोड्यावरून मात्र चांगली जुंपली. कोटेशनमध्ये 'डेब्रिज उचलणे समाविष्ट'. त्याच्या मते ते तिसऱ्या मजल्यावरून खाली आणण्यापुरतं. गोण्या जिन्याखाली, सेक्रेटरींचे फोन आमच्या घरी. शेवटी टेम्पो आला तेव्हा कुठे टाकणार म्हणून विचारलं, तर "आहे एक जागा." मुठेच्या काठाला अशा 'जागा' कशा तयार होतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. महापालिकेच्या ठिकाणी टाकल्याची पावती आण, मग त्या हप्त्याचं बोलू, म्हटलं. पावती आणली.

कबूल केलं होतं गौरींच्या आत. गौरी आल्या तेव्हा ओटा, सिंक, गॅस तयार आणि कपाटांना दारंच नाहीत. सोळा भाज्या आणि पुरण त्या उघड्या सांगाड्यासमोर झालं. आलेल्या बायकांना आमचे डबे, पिशव्या, जुनी भांडी सगळं दर्शन घडलं. दारं नंतर लागली. भर पावसात लॅमिनेट चिकटवल्यामुळे असेल, एका शटरने पीळ खाल्लाय, वरचा कोपरा बोटभर बाहेर राहतो. पाऊस संपला की बदलतो म्हणालाय. शेवटचे दहा टक्के माझ्याकडे आहेत, त्यामुळे बदलेल.

आकडे हवेच असतील तर: मजुरी, प्लाय, ट्रॉल्या, पाइप, वायरिंग मिळून कोटेशन ३,१०,००० रुपयांचं होतं, हिशेब ३,३८,००० वर आला. वाढलेल्यापैकी बरंचसं जादा पॉइंट आणि इपॉक्सीचं, ते मी मागितलं होतं. चिमणीच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडण्याचे वेगळे पैसे त्याने लावले होते, ते मी कापले. चिमणी बसवणं कोटेशनमध्ये आहे तर धूर काय खिडकीतून हाताने ढकलायचा?

बाथरूमचं काम दिवाळीनंतर काढायचं आहे. तो फरशीवाला आणि तो इलेक्ट्रिशियन मला हवेत, आणि ते याच्याकडेच आहेत, म्हणून यालाच विचारलंय. या वेळी दरांच्या आधी कोण कोणानंतर येणार आणि कोण कोणाचं माप घेणार, हे एका कागदावर लिहून मागितलंय. दरांचा कागद दुसऱ्या दिवशी आला. हा अजून यायचाय.