पीबीजीसीच्या स्पेशल फायनान्शियल असिस्टन्सचा अर्ज: आमच्या फंडाचा अनुभव, 5 पैकी 4 स्टार

मी न्यू जर्सीत एका युनियनच्या पेन्शन फंडाच्या ऑफिसात काम करते, बारा वर्षं झाली. ट्रक ड्रायव्हर, गोदामात माल चढवणारे, पहाटे ब्रेडची गाडी घेऊन निघणारे असे दोन हजारांच्या आसपास लोक आमच्या फंडात आहेत आणि त्यातले नोकरीत असलेले फारच थोडे उरलेत, बाकी सगळे रिटायर्ड किंवा नोकरी सोडलेले. फंड बुडायला आला होता, आम्ही अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या या मदतीसाठी, म्हणजे स्पेशल फायनान्शियल असिस्टन्ससाठी अर्ज केला आणि पैसे मिळाले. इथे आपले बरेच मराठी लोक ॲक्चुअरी (पेन्शनला पुढे किती पैसे लागतील ते गणित मांडणारे), ऑडिट नाहीतर पेन्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यातल्या दोन मैत्रिणींनी विचारलं की तो अर्ज म्हणे फार किचकट असतो, कसा झाला तुमचा, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. पीबीजीसी, म्हणजे पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन, ही सरकारी संस्था 1974 च्या एरिसा या पेन्शनच्या कायद्याने झाली, बँकेतल्या ठेवीला विमा असतो तसा इथे पेन्शनला विमा देते. पण अनेक मालकांनी युनियनबरोबर मिळून चालवलेल्या प्लॅनसाठी ही हमी फारच तुटपुंजी आहे, 30 वर्षं राबलेल्या माणसाला वर्षाला जास्तीत जास्त 12,870 डॉलर, महिन्याला हजाराच्या थोडं वर. न्यू जर्सीत एवढ्यात नुसतं घरभाडं निघत नाही. आणि तो विम्याचा फंड स्वतःच 2026 मध्ये रिकामा होणार असा अंदाज होता, म्हणजे ती हमीसुद्धा कागदावरच राहिली असती.

हे प्लॅन का बुडाले हे लोकांना कळत नाही, सगळ्यांना वाटतं कोणीतरी पैसे खाल्ले. 1980 मध्ये ट्रकिंगचा धंदा सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला, स्पर्धा वाढली, युनियनवाल्या जुन्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, पण त्यांच्या कामगारांची पेन्शन प्लॅनच्या गळ्यात राहिली आणि टिकलेल्या कंपन्यांवर दुसऱ्यांच्या माणसांचाही बोजा आला. त्यात 2008 ला बाजार कोसळला. मग 2014 मध्ये असा कायदा आला की प्लॅन वाचवायचा असेल तर चालू पेन्शनही कापता येईल. सत्तरीतल्या माणसाला सांगायचं की तुझी अर्धी पेन्शन गेली! शिकागोचा सेंट्रल स्टेट्स हा टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनचा अवाढव्य फंड, त्याने कपातीचा अर्ज केला होता, तो ट्रेझरीने, म्हणजे सरकारच्या अर्थखात्याने, मे 2016 मध्ये फेटाळला. त्या कपातीविरुद्ध लढणारे ओहायोचे बच लुईस 2015 च्या शेवटच्या दिवशी वारले आणि पुढे 11 मार्च 2021 च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यात जो पेन्शनचा भाग आला त्याला त्यांचंच नाव आहे.

तर मदत अशी आहे, प्लॅनला 2051 सालापर्यंत पेन्शन देता येईल एवढे पैसे एकरकमी मिळतात, ट्रेझरीतून मिळतात, परत करायचे नाहीत. एवढी मोठी रक्कम परतफेडीशिवाय देतायत म्हटल्यावर कागद मागणारच, आणि मागायलाच हवेत.

आता अर्ज. सगळं पीबीजीसीच्या ई-फायलिंग पोर्टलवर टाकायचं. आधी एक लांबलचक चेकलिस्ट, त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर हो, नाही किंवा लागू नाही. मग प्लॅन डॉक्युमेंट, त्यातल्या सगळ्या दुरुस्त्या, ट्रस्ट ॲग्रीमेंट, 2018 पासूनचे ॲक्चुअरीचे व्हॅल्युएशन रिपोर्ट, फॉर्म 5500 हा सरकारला द्यायचा वार्षिक अहवाल, रिहॅबिलिटेशन प्लॅन म्हणजे फंड सावरण्याचा आराखडा, बँकेची स्टेटमेंट्स, सोडून गेलेल्या कंपन्यांकडून येणं असलेल्या रकमेची कागदपत्रं, आणि वर एक्सेलचे टेम्प्लेट. फाइलला नाव काय द्यायचं तेही चेकलिस्टमध्ये लिहिलेलं. पहिल्या दिवशी मला हे जाचक वाटलं होतं. चौथ्या आठवड्यात जेव्हा आमचे वकील, ॲक्चुअरी आणि मी तिघं तीन गावांत बसून एकच फाइल शोधत होतो तेव्हा त्या नावांमुळेच ती दोन मिनिटांत सापडली. मी आता घरच्या कागदांनाही तशीच नावं देते.

टेम्प्लेट 4 हा सगळ्याचा गाभा. किती पैसे लागतील तो हिशोब त्यात असतो, 2051 पर्यंत दर वर्षी किती पेन्शन जाणार, किती वर्गणी येणार, खर्च किती, व्याज किती. तो ॲक्चुअरी भरतो. पण ॲक्चुअरी ज्या यादीवर तो भरतो ती यादी माझ्या टेबलावरून जाते, आणि आमची खरी परीक्षा तिथे झाली. आमच्या आधी ज्यांच्याकडे फंडाचं काम होतं त्यांनी जुनं रेकॉर्ड खोक्यांत भरून दिलं होतं. 1970 च्या दशकातली इंडेक्स कार्डं, पेन्सिलीने लिहिलेले तास, एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा, आडनावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं. मी आणि माझी सहकारी साडेतीन महिने रोज संध्याकाळी ती कार्डं लावत बसायचो. एका कार्डाच्या मागे कोणीतरी लिहिलं होतं की हा माणूस थंडीत गाडी घसरून जखमी झाला, सहा महिने कामावर नव्हता, त्याचे तास भरून धरावेत. 1978 सालची ती एक ओळ. त्या ओळीमुळे त्याची सर्व्हिस पूर्ण भरली आणि आज त्याच्या बायकोला महिन्याला पैसे मिळतात. कागदपत्रांना नुसती कटकट म्हणणाऱ्यांना मी हे कार्ड डोळ्यासमोर ठेवून उत्तर देते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे लिहायला घेतलं ती. मेलेल्या माणसांची.

सेंट्रल स्टेट्सला डिसेंबर 2022 मध्ये 35.8 अब्ज डॉलर मंजूर झाले, साडेतीन लाखांहून जास्त माणसांचा प्रश्न होता, ही मदत नसती तर तो फंड 2026 च्या सुमारास संपला असता. मंजूर झाले ते योग्यच झालं. पण नंतर पीबीजीसीच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे तिच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, तपासलं तर यादीत 3,479 लोक असे होते जे आधीच वारले होते, आणि त्यांच्या नावाने 127 दशलक्ष डॉलर जास्तीचे गेले होते. पैसे 2024 मध्ये सरकारला परत गेले. पण मुळात झालं कसं? सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडे मृतांची जी पूर्ण यादी असते ती प्लॅनवाल्यांना मिळतच नाही, आम्हाला तिची अपुरी आवृत्ती मिळते, ती आणि पेपरातल्या निधनाच्या बातम्या यावर प्लॅन आपलं डेथ ऑडिट, म्हणजे यादीतलं कोण वारलं याची तपासणी, करतात. पूर्ण यादी वापरता येईल अशी पीबीजीसी, आणि तिने तेव्हा ती ताडून पाहिली नव्हती. इतके कागद मागितले आणि हा एक पडताळा राहिला.

2023 च्या शेवटापासून हे बदललं. आता प्लॅनने स्वतःचं ऑडिट करायचंच, शिवाय सगळी यादी पीबीजीसीकडे द्यायची, ते सोशल सिक्युरिटीच्या पूर्ण यादीशी जुळवतात आणि जी नावं सापडतील ती काढून किंवा खुलासा देऊन मगच पुढे. आमच्या यादीत अशी नावं निघाली. बहुतेक असे लोक ज्यांनी चाळिशीत नोकरी सोडली, पेन्शन सुरूच झाली नव्हती, पत्ता बदललेला, कोणी कळवलंच नाही. पैसे कोणाला जात नव्हते, पण हिशोबात ती माणसं पुढची पंचवीस वर्षं जगणार होती आणि तेवढी रक्कम आम्ही मागणार होतो. मला ते पाहून खरंच घाम फुटला, कारण अर्जावर आमच्या एका ट्रस्टीची, म्हणजे फंडाच्या विश्वस्ताची, सही असते आणि ती खोटेपणाच्या शिक्षेला पात्र राहून केलेली शपथ असते. साधा, जुना, सत्तर वर्षांचा माणूस तो, माझ्या यादीवर विश्वास ठेवून सही करणार होता.

माझे बाबा एसटीतून रिटायर झाले, ईपीएस 95 ची पेन्शन आहे त्यांना, कितीशी असते ते आपल्याला माहीत आहे. तरी दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला जायचं, अंगठा मशीनवर उमटत नाही, मग परत पुस, परत ठेव. मला त्याचा आधी फार राग यायचा. म्हातारा माणूस समोर उभा आहे आणि त्याला विचारतात जिवंत आहेस का. आता मी त्यांना फोनवर सांगते की बाबा जाऊन या, न चुकता जाऊन या. म्हाताऱ्यांना रांगेत उभं करू नये हे माझं अजूनही मत आहे, घरी येऊन करावं, फोनवर चेहरा दाखवून करावं, पण विचारणं बंद करू नये. आमच्या फंडात हयातीचं पत्र दोन वर्षांतून एकदा जायचं, आम्ही ते दर वर्षी केलं, आणि पेन्शन सुरू न झालेल्यांनाही पाठवायला लागलो.

एक स्टार का कापला तेही सांगते. छोट्या फंडाला हा अर्ज महाग पडतो. एखादा टेम्प्लेट फक्त 10,000 किंवा जास्त माणसांच्या प्लॅनसाठी आहे, तो सोडला तर बाकी सगळं आम्हालाही तेवढंच, आणि ॲक्चुअरी आणि वकील तासावर पैसे घेतात. दुसरं म्हणजे 120 दिवसांचं गणित. अर्ज पूर्ण आल्यापासून पीबीजीसीला 120 दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाही दिला तर मंजूर समजला जातो. शंका मिटल्या नाहीत तर प्लॅन अर्ज मागे घेतो, दुरुस्त करून परत भरतो, मग नवे 120 दिवस. आम्हीही मागे घेतला होता, चूक आमच्या जुन्या नोंदींची होती. साइटवर सगळ्या अर्जांची स्थिती सगळ्यांना दिसते, हे फार चांगलं आहे, पण तिथे आमच्या नावापुढे मागे घेतला असं आलं आणि एका ड्रायव्हरच्या बायकोने रडत फोन केला की आता संपलं का सगळं. त्या शब्दापाशी दोन ओळींचा साधा खुलासा असायला हवा, की हा नकार नाही, दुरुस्ती चालू आहे.

चांगल्या बाजूला हेही मोजते की त्यांनी ऐकून घेतलं. जुलै 2021 च्या पहिल्या नियमात हे पैसे फक्त चांगल्या दर्जाच्या बॉण्डमध्ये ठेवायचे होते आणि व्याजाचा दर असा धरायला लावला होता की 2051 पर्यंत पुरणं कठीण, लोकांनी हरकती लिहिल्या, आणि जुलै 2022 च्या अंतिम नियमात 33 टक्क्यांपर्यंत शेअर वगैरेंत ठेवायची मुभा आली, व्याजाचे दरही मदतीच्या पैशांसाठी आणि प्लॅनच्या आधीच्या पैशांसाठी वेगळे केले.

नवे अर्ज 31 डिसेंबर 2025 पर्यंतच होते, आधी भरलेल्यांना दुरुस्त अर्जासाठी 31 डिसेंबर 2026 पर्यंत मुदत. ज्यांना पैसे मिळाले त्यांचं काम मात्र संपत नाही, दर प्लॅन वर्ष संपल्यावर 90 दिवसांत नियम पाळल्याचं स्टेटमेंट द्यायचं, तेही 2051 पर्यंत. कोणी नवीन या कामात येणार असेल तर पहिल्या दिवसापासून तीन फोल्डर वेगळे ठेवा, मदतीचे पैसे कुठे गुंतवले ते, वर्गणीचे करार कधी बदलले ते, आणि कोण वारलं ते. तिसऱ्या फोल्डरमध्ये मी प्रत्येक नावापुढे कळवणाऱ्याचं नातं आणि तारीख लिहिते. या महिन्यात तिथे चार नावं आली, तीन मुलींनी कळवलं, एक शेजाऱ्याने.