धनकवडीचा चढ आणि २५० वॉटची मोटर

सकाळी पुण्यात धनकवडीहून शिवाजीनगरला निघालो की सायकल निम्मी वाट जवळजवळ आपणहून उतरते. संध्याकाळी त्याची भरपाई करावी लागते. स्वारगेट ओलांडले की सातारा रस्ता पद्मावतीपर्यंत आणि तिथून पुढे घरापर्यंत चढतच राहतो. कात्रजच्या घाटापुढे हा चढ म्हणजे काहीच नाही, हे मान्य. पण दिवसभर खुर्चीत बसून आखडलेल्या पन्नाशीतल्या गुडघ्यांनी, बसगाड्यांच्या धुरात तो रोज चढायचा म्हटले की पावले स्कूटरकडे वळू लागतात. माझी तशी वळू लागली होती, तेव्हा चौदा वर्षे वापरलेली लोखंडी गिअरची सायकल बाल्कनीत धूळ खात पडण्याआधी तिला मोटर बसवून पाहावी असे ठरवले. त्याला आता अकरा महिने झाले असून, मधल्या काळात ३,४०० किलोमीटर पडले आहेत. विक्रेत्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. हेच किट निरनिराळे लेबल चिकटवून बरेच जण विकतात, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते त्यांपैकी बहुतेकांना लागू पडावे.

किटमध्ये २६ इंची रिममध्ये आरे ओढून तयार केलेले मागचे चाक, त्याच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, बसलेली ३६ व्होल्ट २५० वॉटची मोटर, तिला बॅटरीतून किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, पॅडल फिरते आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर आणि दाबताच मोटरचा प्रवाह तोडणारे दोन ब्रेक लिव्हर एवढे आले. याचे ९,८०० रुपये पडले. १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि चार्जर यांचे ११,५०० वेगळे. नंतर टॉर्क आर्म (ही पट्टी कशासाठी ते पुढे येईल), ब्रेकची रबरे आणि मजुरी यांवर आणखी २,४०० गेले, म्हणजे एकूण आकडा २३,७०० झाला. सायकलचे वजन सहा-सात किलोंनी वाढले, आणि ते बहुतेक सगळे मागच्या बाजूला असल्यामुळे जिन्यावरून सायकल उचलताना त्याची आठवण राहते.

मोटर गिअरची घ्यावी की बिनगिअरची, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. बिनगिअरची मोटर आवाज करत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते, पण ती बंद ठेवून पॅडल मारू लागल्यास आतली चुंबके चाकाला मागे ओढत राहतात. गिअरच्या हबमध्ये आत क्लच असतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी सायकल सायकलच राहते. बदल्यात चढावर पिठाच्या गिरणीसारखा एक बारीक घूं-घूं आवाज ऐकत राहावे लागते, आणि ब्रेक दाबल्यावर वीज परत बॅटरीत जाण्याची सोय यात नाही. पॅडल मारून बॅटरी भरते, असेही काही जण सांगतात. साधारण माणूस तासभर टिकेल असा जोर लावू शकतो तो १०० वॉटच्या आसपास. ३६० वॉट-तासांची बॅटरी अशा रीतीने भरायची तर साडेतीन तासांहून अधिक पॅडल मारावे लागेल, तेही जागच्या जागी.

‘एका तासात बसते’ असे विक्रेत्याने सांगितले होते. मला दोन रविवार लागले. जुन्या चाकावरची फ्रीव्हील, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती दातेरी चक्री, इतकी गंजून बसली होती की ती काढायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला रिम व्हाइसमध्ये धरून सगळे वजन पान्यावर टाकावे लागले. पॅडलच्या सेन्सरची चुंबकांची चकती बसवण्यासाठी क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, काढणे आले, आणि माझ्या सायकलची क्रँक जुन्या पद्धतीची, म्हणजे कॉटर पिनने अडकवलेली. ती पिन हातोडीने ठोकताना वाकली ती वाकलीच. शिवाय हे चाक, फ्रेमच्या ज्या दोन खाचांत मागचे चाक बसते त्यांच्यामध्ये १३५ मिलिमीटर अंतर असलेल्या सायकलीसाठी केलेले असते. माझ्या सायकलीत चार-पाच मिलिमीटर कमी भरले, ते फ्रेम हाताने ताणून निभावले. जुन्या काळ्या दणकट सायकलीत मात्र हे अंतर पुष्कळच कमी असते आणि तिथे ताणाताणी करू नये.

आता मुख्य तक्रार. बसवून तिसरा आठवडा होता. पद्मावतीच्या अलीकडे, चढावर, सिग्नल सुटताच थ्रॉटल दाबला आणि मागून ‘कट्’ असा एक आवाज आला. चाक किंचित तिरके होऊन फ्रेमला घासू लागले. खाली उतरून पाहतो तर डाव्या बाजूचा नट सैल झालेला, एक्सल, म्हणजे चाकाचा आस, खाचेत पाव वळसा फिरलेला आणि एक्सलच्या पोकळीतून बाहेर येणारी वायर दोरीसारखी पिळली गेलेली. वरचे आवरण फाटले होते, आतल्या तारा नशिबाने शाबूत होत्या. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने ती स्वतःच्या एक्सलला उलट पिळत असते. साध्या चाकाच्या एक्सलवर असा पीळ येतच नाही, म्हणून सायकलच्या फ्रेमची खाच त्यासाठी घडवलेली नसते. अशा मोटरचा पीळ ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. तो एक्सलच्या जेमतेम १० मिलिमीटर रुंदीच्या चपट्या कडांनी पेलायचा म्हणजे ढोबळ हिशेबाने तीन-चारशे किलोंचा भार झाला. टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी एका टोकाने एक्सलला धरते आणि दुसऱ्या टोकाने फ्रेमला आवळली जाते. दहा सेंटिमीटर लांबीच्या पट्टीमुळे हाच भार तीस-चाळीस किलोंवर येतो. ही पट्टी साडेतीनशे रुपयांची. ती खोक्यात नव्हती, माहितीपत्रकात तिचा उल्लेख नव्हता, आणि फोन केल्यावर ‘तुम्ही नट नीट आवळला नसेल’ असे उत्तर मिळाले. नट नीट आवळला नसेलही. पण एकवीस हजारांच्या मालात एवढी पट्टी न घालणे मला काटकसर वाटत नाही, बेफिकिरी वाटते. पट्टी बसवल्यापासून एक्सल केसभरही हललेला नाही.

चालवण्याच्या अनुभवाबद्दल मात्र तक्रारीला फारशी जागा नाही. पॅडलच्या सेन्सरला तुम्ही किती जोर लावता ते कळत नाही, फक्त पॅडल फिरते आहे एवढेच कळते. त्यामुळे अर्धा फेरा मारल्यावर मोटर जागी होते आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राहते. मोकळ्या रस्त्यावर याची सवय होते. स्वारगेटच्या गर्दीत, पुढच्या रिक्षाच्या मागे दोन हातांवर असताना, तो क्षणभर नको असतो. तिथे बोटे ब्रेकच्या लिव्हरवर ठेवावीत, लिव्हर जरा दाबताच मोटर थांबते. चढावर गिअर उतरवून पॅडल मारत राहिल्यास मोटर १६-१७ च्या वेगाने घेऊन जाते आणि घरी पोहोचल्यावर शर्ट बदलावा लागत नाही. नुसत्या थ्रॉटलवर चढ चढायचा हट्ट केल्यास वेग पडतो आणि हब हाताला चटका बसेल इतके तापते.

एका चार्जमध्ये ५० किलोमीटर, असा दावा होता. पॅडल मारत आणि मोटरचा मधला टप्पा ठेवून माझ्या रस्त्यावर ३० ते ३२ मिळतात. निव्वळ थ्रॉटलवर एका रविवारी मुद्दाम मोजले तेव्हा २१ मिळाले. बॅटरीवरचे चार दिवे बघू नयेत, कारण चढावर त्यातले दोन विझतात आणि सपाटी येताच पुन्हा लागतात. मी दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर हँडलला लावला आहे. पूर्ण भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते, ३० च्या आसपास तिचे आतले सर्किट पुरवठा तोडते, आणि सायकल उभी असताना ३५ दिसू लागले की घर गाठावे.

ब्रेककडे मी उशिरा लक्ष दिले. १५ ऐवजी २४ च्या वेगाने जाणाऱ्या त्याच सायकलची गतिज ऊर्जा अडीचपटीहून अधिक होते, आणि ती सगळी रबराच्या चार तुकड्यांनी जिरवायची असते. जुनी रबरे तीन महिन्यांत संपली. पंक्चर हा दुसरा त्रास. मोटरचे चाक आणि त्यातून निघालेली वायर पाहून दोन पंक्चरवाल्यांनी हात जोडले. तिसऱ्याने चाक न काढताच टायरची एक कड उतरवून, ट्यूब बाहेर ओढून पंक्चर काढले, तेव्हापासून मीही तसेच करतो. तरी १८ नंबरचा पाना पिशवीत ठेवावाच लागतो. पावसाळ्यात फारसे बिघडले नाही, कारण मोटरकडे जाणारी वायर आधी खाली झुलवून मग वर नेली, जेणेकरून पाणी एक्सलमध्ये न शिरता झुल्यावरूनच टपकावे. कंट्रोलरच्या जोडण्यांवर मात्र ऑगस्टमध्ये हिरवट थर आला होता.

कायद्याचे एक सांगायला हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे विजेवरचे वाहन मोटार वाहन धरले जात नाही, त्याला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. पण त्यासाठी नेमलेल्या चाचणीसंस्थेने तसे तपासून मान्य केलेले असावे लागते. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागितले तर त्याने मला ५०० वॉटचे किट दाखवले आणि ‘हेही कुणी अडवत नाही’ असे सांगितले. ते घेऊ नये.

पैशांचा हिशेब लोक आधी विचारतात, म्हणून सांगतो. एका चार्जला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. रोजच्या १८ किलोमीटरला स्कूटरचे सुमारे ४० रुपयांचे पेट्रोल जळायचे, म्हणजे महिन्याला नऊशेच्या आसपास. किट वसूल व्हायला सव्वादोन वर्षे जातील, आणि पुढे कधीतरी बॅटरी नव्याने घ्यावी लागेलच. बचतीसाठी हे करण्यात अर्थ नाही. संध्याकाळच्या चढासाठी आहे.

गेल्या महिन्यात शेजारचे काका त्यांची सायकल घेऊन आले. मी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचे चुंबक काढून त्यांच्या फ्रेमच्या मागच्या खाचेला लावले. ते चिकटले नाही. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची होती. पोलादी खाच फार तर ताणली जाते, अ‍ॅल्युमिनियमची तडकते, आणि तिथे टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना लावल्याशिवाय मोटर बसवू नये. त्यांच्या सायकलीत एका बाजूला डिस्क ब्रेक असल्यामुळे दुसऱ्या पट्टीला जागाच उरत नव्हती. ‘काका, तुम्ही तयार ई-सायकलच बघा,’ असे मी त्यांना सांगितले.