वरच्या मजल्यावरचं वाय-फाय : केबल ओढून लावलेला ॲक्सेस पॉइंट, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घर म्हणजे तळमजला अधिक एक असं रो-हाऊस. फायबरचा राऊटर खाली हॉलमध्ये टीव्हीशेजारी, प्लॅन २०० एमबीपीएसचा. वर मागच्या खोलीत सिग्नल उणे ८२ ते ८५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). फोनवर एक-दोन कांड्या दिसायच्या, पण व्हिडिओ कॉल टिकायचा नाही. स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते. वाय-फायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झ तिथेच अडतं, २.४ कसंबसं वर पोचतं.

अशा वेळी बहुतेक जण आधी रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे फेकणारा डबा) आणतात आणि जिथे रेंज नाही नेमका तिथेच लावतात. त्याला जो मरतुकडा सिग्नल मिळतो तोच तो पुढे देतो. जिन्याच्या वळणावर लावला तर जरा बरा, पण घेणं आणि देणं एकाच बँडवर चालत असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून इथे कॅट-६ केबल वर नेली आणि टोकाला टीपी-लिंक आर्चर सी६ हा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट तिथून वाय-फायवर देण्यासाठी, लावला.

भिंत फोडावी लागली नाही. बंद पडलेल्या डिशची केबल हॉलपासून वरच्या पॅसेजमधल्या बॉक्समार्गे गच्चीवर जात होती. तीच ओढदोरी म्हणून वापरायची. बॉक्समध्ये तिचं टोक मोकळं करायचं, नव्या केबलचं वरचं आवरण चार इंच सोलून आतल्या तारा मागेपुढे कापायच्या, जुन्या केबलला गुंडाळायच्या आणि वरून निमुळती चिकटपट्टी मारायची. गाठ जाड झाली की एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणात, अडकते. एकाने वरून टाल्कम पावडर लावत केबल सोडायची, दुसऱ्याने खालून सावकाश ओढायची. प्लग नंतर मारायचा, कारण प्लगसकट केबल पाइपातून जातच नाही. विजेच्या वायरींच्या पाइपात ही केबल कधीही घालू नका.

केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत करा. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायचा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्या वेळी वर वेग ९४ एमबीपीएसच्या पुढे सरकेना. हा आकडा दिसला की दोष बहुधा प्लगमध्येच असतो : गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एखादी तार बसली नाही की जोडणी १०० वर उतरते. प्लग कापून नवा मारला आणि पूर्ण वेग आला.

सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड ‘ॲक्सेस पॉइंट’ करायचा. हे टाळून राऊटर मोडमध्येच ठेवलं तर इंटरनेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सापडत नाही. जुन्या राऊटरमध्ये हा मोड नसेल तर त्याचा पत्ता बदला (खालचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि तो खालच्याच्या डीएचसीपी यादीबाहेर ठेवा; डीएचसीपी म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय), त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनमध्ये (इंटरनेट आत येण्याचं पोर्ट) न लावता लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडण्याचं) लावा.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार वर-खाली तंतोतंत एकच. चॅनल मात्र वेगळे : २.४ वर खाली १ आणि वर ६, रुंदी २० मेगाहर्ट्झ; ५ वर खाली ३६ आणि वर १४९. खालच्या राऊटरची २.४ ची ताकद ‘मध्यम’ केली हे फार कामाचं ठरलं. ती पूर्ण ठेवली तर फोन वर आल्यावरही खालचाच अशक्त सिग्नल धरून बसतो.

आता मागच्या खोलीत उणे ५५ च्या आसपास, आणि ५ गिगाहर्ट्झवर पूर्ण २०० मिळतात. नऊ महिन्यांत रीस्टार्टची गरज पडली ती फर्मवेअर अपडेटपुरती. उणीव एकच : जिना चढताना चालू कॉल क्षणभर थबकतो, कारण फोन एक सिग्नल सोडून दुसरा पकडतो. कॉल सतत फिरताफिरताच होत असतील तर मेश संच (एकमेकांशी जुळवून चालणारे वाय-फायचे डबे) घ्या, पण त्यालाही मागून केबल द्या. नुसत्या हवेतून जोडलेल्या मेशला स्लॅब तसाच आडवा येतो.

केबल बाहेरच्या भिंतीवरून न्यावी लागली तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची घ्या आणि कडकडाट सुरू झाला की दोन्ही टोकं काढून ठेवा, नाहीतर आधी लॅन पोर्ट जातात. वीज गेल्यावर नेट हवं असेल तर खालचा राऊटर आणि वरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. खालचा एकटाच चालू राहिला तर वर पुन्हा त्याच दोन कांड्या.